आजीच्या साड्यांची गोधडी : तुकड्यांच्या मधलं कापड कोणतं घ्यावं?

ओसरी

नमस्कार मंडळी. आजीच्या सुती साड्या आणि आजोबांचे काही शर्ट यांची गोधडी शिवायला घेतली आहे. बहिणीची मुलगी पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाईल, तिला द्यायची आहे. दोन इरकली, एक नारायणपेठ, रोजच्या वापरातली बरीच छापील पातळं आणि आजोबांचे बारीक रेघांचे शर्ट, असा ऐवज आहे. साडेसहा इंचांचे सत्तर-ऐंशी चौकोन कापून झालेत. शिवणीत दोन्हीकडून पाव-पाव इंच गेला की सहा इंच दिसतील. तयार गोधडी ६० बाय ९० इंच हवी आहे. चौकोन मशीनवर जोडणार, वरचा धावदोरा मात्र हातानेच घालणार.

सगळे तुकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले तर एकही धड दिसेना. इरकलीचा काठ फुलांच्या छापात हरवतो आणि शर्टाच्या रेघा तर दिसतच नाहीत. म्हणून एक तुकडा आणि एक साधा चौकोन असं आलटून पालटून लावायचं ठरवलं आहे. आता हा मधला साधा चौकोन कशाचा घ्यावा, इथे गाडी अडली आहे. दुकानात शुभ्र पॉपलीन, मांजरपाट (कोरं, जाडंभरडं सुती कापड), काळं आणि राखाडी कॅम्ब्रिक (हलकं, साध्या विणीचं सुती कापड), आणि बारीक ठिपक्यांचं एक कापड बघून आले. मैत्रीण म्हणते काळं घे, रंग उठून दिसतील. आई म्हणते काहीही घे पण पांढरं नको, मळेल. तुम्ही कसं ठरवता?

अबोली

ओसरी, आधी रंग बाजूला ठेव आणि उजळ-गडद बघ. सगळे तुकडे दिवसाच्या उजेडात पसरून मोबाईलवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा करून बघ. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी त्या फोटोत दोघं बरेचदा एकाच राखाडी रंगाचे निघतात. गोधडी दाराच्या अंतरावरून बघितली की डोळ्यांनाही तेच दिसतं. त्या फोटोवरून तीन ढीग कर : उजळ, मधले आणि गडद. ज्या ढिगात सगळ्यात कमी तुकडे असतील, त्या ढिगाकडचा रंग मधल्या चौकोनाला घ्यायचा.

सगळ्यात जास्त फसवतात ते मधले. राखाडी कापड दुकानात फार शांत, समजूतदार दिसतं. पण तुझे निम्मे तुकडे मधल्या छटेचे असले तर राखाडीत ते सगळे विरघळतील. ते आधीच यादीतून काढ असं मी म्हणेन.

माणदेशी

आमच्याकडं वाकळंत असं मधलं कापड नसतंच. अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे थर, आणि वर हाताला लागतील तसे तुकडे. कडेनं सुरुवात करून आत आत टाके घालत जायचं. सगळ्या रंगांना एकत्र धरतो तो दोरा. बोट-बोट अंतरावर पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी सगळ्या वाकळंवरनं गेल्या की खालचं लाल असो नाहीतर जांभळं, सगळं एका घरचं दिसाय लागतं.

ताई, तुमचे चौकोन कापून झालेत, तर तुमची पद्धत तुम्ही करा. पण कापड निवडताना टाका ध्यानात ठेवा. मधल्या साध्या चौकोनांवरच तुमचा धावदोरा दिसणार आहे. आजीच्या फुलाफुलांच्या पातळावर तो दिसायचा नाही. म्हणजे निम्मी गोधडी तुमच्या हाताची असणार. तिथं ठिपक्याबिपक्याचं कापड घालून टाका झाकू नका.

अबोली

माणदेशी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. माझ्या यादीत हे नव्हतं.

सूतगिरणी

इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलं, म्हणून रंगापेक्षा कापडाबद्दल लिहितो.

आजीची साडी शेकडो वेळा धुतलेली आहे. तिला जेवढं आटायचं होतं तेवढं ती आटली, तिची खळ गेली, सूत झिजून मऊ झालं. तिच्या शेजारी तुम्ही कोरं कापड शिवणार. पहिल्या धुण्यात कोरं आटणार आणि जुनं आटणार नाही, म्हणजे जुन्या तुकड्यांना फुगे येणार. मांजरपाटात हे सगळ्यात जास्त होतं, कारण त्यात खळ भरपूर असते आणि ते आधी आटवलेलं नसतं. म्हणून मधलं कापड कापण्याआधी रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबण लावून धुवा, वाळवा, आणि हे पुन्हा एकदा करा. नुसतं पाण्यातून काढणं म्हणजे धुणं नव्हे. पाणी बुळबुळीत, ढगाळ येतंय तोवर खळ अजून शिल्लक आहे.

आता वजन. दोन कापडं एका शिवणीत जोडली आणि ताण आला की दोघांतलं जे कमजोर असतं ते फाटतं. इथे कमजोर कोण, ते सांगायला नको. मधल्या चौकोनाला जाड, दणकट कापड घेतलंत तर तो चौकोन पुढची वीस वर्षं टिकेल आणि त्याच्या शिवणीलगत आजीची साडी चिरत जाईल. म्हणून मधलं कापड साडीच्याच अंगाचं हवं. नवं असलं तरी हलकं आणि लवचिक.

पॉपलीनमध्ये उभे धागे आडव्यांपेक्षा बरेच जास्त असतात, त्यामुळे ते घट्ट लागतं आणि हातसुई जड जाते. शर्टाला उत्तम, पण सगळ्या गोधडीभर हाताचा धावदोरा घालायचा तर मनगट बोलायला लागेल. ६०-६० चं, म्हणजे उभं-आडवं दोन्ही सूत ६० नंबरचं असलेलं कॅम्ब्रिक दोन्हीकडून बरंचसं सारखं असतं, धुतल्यावर छान मऊ पडतं आणि सुई सहज जाते. माझं मत त्याला. दुसरा पर्याय टू बाय टू रुबिया, म्हणजे ब्लाउजचं कापड. त्यात उभं-आडवं दोन्ही सूत दुपदरी पिळाचं असतं, म्हणून अंगाने पातळ असूनही ते टिकतं. मॅचिंग सेंटरमध्ये त्याच्या जेवढ्या छटा मिळतात तेवढ्या दुसऱ्या कुठल्याच सुती कापडात मिळत नाहीत. मलमल मात्र मधल्या चौकोनाला नको. फार विरळ असते, आतली शिवण आणि माया (शिवणीबाहेर आत राहिलेली कापडाची कड) दोन्ही वरून दिसतात.

एक गोष्ट आवर्जून तपासा. आजोबांचे शर्ट टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेल्या कापडाचे असू शकतात. त्या काळात बऱ्याच जणांचे असत. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होते. मिश्र असेल तर टोकाला कडक गाठ वळते. टेरीकॉट असेल तर टाकून देऊ नका, फक्त त्यावर कडक इस्त्री फिरवू नका.

उत्तररंग

ओसरी, मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या रजया शिवणाऱ्या बायकांच्या गटात जाते. काळ्या रंगाबद्दल लिहिते, कारण तुझ्या मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य आहे.

ओहायो आणि इंडियानातल्या आमिश लोकांच्या (जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) जुन्या रजया बघितल्यास तर काळ्या सुती कापडावर रंग अक्षरशः पेटलेले दिसतात. पण ते का जमतं, ते बघ. त्यांच्याकडे छापील कापड जवळजवळ नसतंच. सगळे सपाट, भरीव रंग : जांभळा, किरमिजी, निळा, मोरपंखी. तुझ्याकडे छापील पातळं आहेत आणि ती विटलेली आहेत. काळ्याशेजारी विटलेल्या छापातला उजळ भाग तेवढा पुढे येईल आणि बाकीचं फूल मागे जाईल. आणि इरकलीचा गडद, चौकड्यांचा भाग काळ्यात बुडेल, त्याचं काय?

अलाबामातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या रजयाही बघच. कामाचे जुने कपडे, विटलेल्या डेनिमच्या विजारी, त्यांचे लांब पट्टे. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि मग जगभर गाजल्या. विजारीचा खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद चौकोनसुद्धा त्या बायकांनी तसाच ठेवलाय. त्यातून मी एवढं घेतलं की जुन्या कापडाच्या शेजारी जुन्या कापडाचा रंग असावा. कोरा करकरीत रंग शेजारी आला की जुनं बिचारं उगाच थकलेलं दिसतं.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोली, फोटो काढला आणि मला धक्काच बसला. बहुतेक सगळे तुकडे गडद किंवा मधले निघाले. उजळ फक्त आजोबांचे शर्ट, ते बारा-तेरा चौकोन. म्हणजे मधलं कापड उजळच हवं, हे नक्की.

सूतगिरणी काका, तुम्ही सांगितल्यावर धागे जाळून बघितले. दोन शर्ट टेरीकॉटचे निघाले, बाकी सुती.

मग दुकानातून शुभ्र कॅम्ब्रिक आणि सायीच्या रंगाचं कॅम्ब्रिक, दोन्हीचं अर्धा-अर्धा मीटर आणून तुकडे त्यावर ठेवले. शुभ्रावर आजीची पातळं कळकट दिसतात! स्वच्छ धुतलेली आहेत, तरीसुद्धा. सायीच्या रंगावर तीच पातळं एकदम ऊबदार दिसतात. असं का होत असेल?

आणि आता दोन प्रश्न. एक, हे उजळ शर्ट उजळ कापडात दिसणारच नाहीत, त्यांचं काय करू? दोन, आईचा मुद्दा राहिलाच. हॉस्टेलवर वापरली जाणार आहे.

सूतगिरणी

शुभ्र कापडावर गिरणीत विरंजनानंतर (ब्लीच केल्यावर) चकाकीचं द्रव्य चढवलेलं असतं, म्हणून ते किंचित निळसर दिसतं. जुन्या सुताला वयाने पिवळसर झाक आलेली असते. निळसर पांढऱ्याशेजारी ती झाक उठून दिसते आणि डोळा तिला मळ समजतो. सायीच्या रंगात तीच झाक आधीपासून आहे, म्हणून दोन्ही जुळतात. आणि हो, अशा गोधडीला नीळ कधीही देऊ नका. डाग पडल्यासारखी निळी वर्तुळं उमटतात.

निळावंती

मी थोडी वेगळ्या मताची आहे. वापरायची गोधडी असेल तर बारीक छापाचं कापड फार उपयोगी पडतं. राजस्थानातल्या बगरूचा छाप बघा. त्याची जमीन पांढरी नसतेच, छपाईआधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात म्हणून ती सायीसारखी पिवळसर असते. त्यावर काळे, विटकरी बारीक बुट्टे. डाग पडला तर कळत नाही आणि लांबून ते उजळच दिसतं. सांगानेरी छापाची जमीन बहुधा पांढरी असते, तो तुमच्या साड्यांना जुळायचा नाही.

छाप मात्र तांदळाच्या दाण्याएवढाच बारीक हवा. मोठ्या फुलांचा छाप घेतलात तर तो आजीच्या पातळांशी भांडेल.

माणदेशी

निळावंती ताई, तुमचं म्हणणं मला पटतं, पण धावदोऱ्याचं काय? बुट्ट्यावर टाका दिसत नाही.

निळावंती

खरं आहे. हाताचा टाका दाखवायचा असेल तर साधं कापडच बरं. माझ्या सगळ्या रजया मशीनच्या असतात, त्यामुळे मला छाप चालतो. ओसरीने टाक्याचा विचार आधी करावा.

कारवारी

आमच्या भागात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंद नावाची गोधडी शिवतात. तीही जुन्या कपड्यांचीच. खाली साडी असते, वरचे तुकडे एकावर एक थोडे चढवत कडेकडून मध्याकडे जायचं आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावायची. त्यात बाळासाठी केलेली कवंद बघावी, लाल-पिवळ्या बारीक तुकड्यांनी नुसती खुलते.

कवंद रोज वापरतात, धुतात, वाळवतात. मळतं ते जास्त डोक्याकडच्या बाजूला, तेलामुळे. ओसरी, यावर उपाय सोपा आहे. डोक्याकडच्या कडेवर दहा-बारा इंचांची, दोन्ही बाजूंनी वळणारी एक सुती पट्टी कच्च्या टाक्यांनी टाचून ठेव. मळली की उसवायची, धुवायची, पुन्हा टाचायची. पट्टी आजीच्या साडीच्या पदराची केलीस तर वेगळी लावल्यासारखीही वाटणार नाही. मग सायीचा रंग बिनधास्त घे. आईंनाही दाखव, त्यांना पटेल.

उत्तररंग

शर्टांसाठी सुचवते. त्यांचे चौकोन साडेचार इंचांचे कापून घे आणि चारही बाजूंना इरकलीच्या काठाची दीड इंचाची पट्टी जोड. शिवणी जाऊन आत चार इंचांचा शर्ट आणि भोवती एक-एक इंचाची चौकट राहील. बरोबर सहा इंच. उजळ तुकडा गडद चौकटीत बसला की सायीच्या रंगातही दिसेल. आणि आजोबांच्या शर्टाभोवती आजीच्या साडीचा काठ! मला तर नुसतं लिहितानाच भरून आलं.

ओसरी

उत्तररंग, हे वाचून आईला दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून कपाटातून आणखी एक काठ काढून दिला. पट्टी टाचायची कल्पनाही तिला पसंत आहे.

आता रंग जाण्याची भीती वाटते. इरकलीचा लाल पदर सायीच्या रंगावर उतरला तर? कुणी म्हणतं मिठाच्या पाण्यात भिजव, कुणी व्हिनेगर म्हणतं.

सूतगिरणी

मीठ रंगाऱ्याच्या कामाचं. रंगवताना कुंडात रंग सुतावर चढायला मदत करतं. एकदा रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग त्याने पक्का होत नाही. व्हिनेगरही सुती कापडाला त्या कामी येत नाही. तुरटी चालते ती वनस्पतींच्या रंगांना, आणि तीही रंगवण्याआधी. सुटा रंग काढायचा मार्ग एकच, तो धुऊन निघून जाऊ देणं.

प्रत्येक गडद साडीचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात गुंडाळून दाबून ठेवा. थोड्या वेळाने रुमाल उघडा. डाग पडला तर ती साडी, म्हणजे तिचे सगळे चौकोन, जाळीच्या पिशवीत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सुटे चौकोन मोकळे धुऊ नका, कडा पिंजतात. रोजच्या वापरातल्या साड्यांचा रंग बहुधा जायचा तेवढा जाऊन बसलेला असतो. भीती असते ती कपाटात जपून ठेवलेल्या, चारदोनदाच नेसलेल्या साडीची.

तुम्ही काळं नवं कापड घेतलं असतंत तर मला जास्त काळजी वाटली असती. तेव्हा रंग नव्याचा सुटून जुन्यावर बसला असता.

गोधडी झाल्यावर ओली घडी करून कधी ठेवायची नाही. भिजत पडलेल्या कापडातून रंग हळूहळू शेजारी सरकतो. धुतली की लगेच पसरायची, उलटी करून, सावलीत.

अबोली

मापाचं बघू. सहा इंचांचे चौकोन, आडवे १०, उभे १५, म्हणजे एकूण १५०. निम्मे आजीचे, निम्मे मधले : ७५. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचांचा असेल तर दोन्ही किनारी सोडून ४२ हातात राहतात. साडेसहा इंचांचे सहा चौकोन एका ओळीत बसतात. ७५ साठी १३ ओळी, म्हणजे साडेचौऱ्याऐंशी इंच, जवळजवळ २.१५ मीटर. आटण्यासाठी आणि वाकड्या कापासाठी धरून तीन मीटर घे. रुबिया घेतलीस आणि पन्हा ३६ चा असला तर ओळीत पाचच बसतील, १५ ओळी लागतील, अडीच मीटर नुसते चौकोनांतच जातील. मग साडेतीन घे.

किनार चौकोनात घेऊ नकोस. तिची वीण घट्ट असते आणि ती वेगळी आटते. आणि चौकोन उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच काप. तिरका कापलेला चौकोन ताणला जातो आणि मग कोपरे जुळत नाहीत.

शिवण दाबताना सगळी माया आजीच्या गडद तुकड्याकडे वळव. सायीच्या कापडाखाली गडद माया गेली तर वरून सावलीसारखी रेघ दिसते.

माणदेशी

आणि दोरा? सायीच्या कापडावर सायीच्याच रंगाचा दोरा घालू नका ताई. एवढे टाके घालायचे आणि दिसायचे नाहीत, असं नको. इरकलीच्या पदरासारख्या लाल दोऱ्यानं घाला. नाहीतर गडद निळ्यानं. दोऱ्याचा रंग जातो का तेही त्या रुमालावरच बघून घ्या.

ओसरी

ठरलं. ६०-६० चं कॅम्ब्रिक, सायीच्या रंगाचं. आज दुकानात जाऊन घेऊन आले, सध्या ते बादलीत भिजत आहे. दुकानदाराकडे तीन मीटरच मागणार होते, पण ठाण उलगडल्यावर साडेतीन घेतलं. दोरा लाल. शर्टाच्या चौकटी काठाच्या. मागच्या बाजूला आजीचं नऊवारी लुगडं लावायचं आहे. दोन लांब्या शेजारी जोडल्या की पुरतं.

पाव मीटरभर तरी मधलं कापड उरेल. ते कडेच्या गोटाला वापरू का?

सूतगिरणी

ठाणातून एकदमच घेतलंत हे फार बरं केलंत. पुढच्या महिन्यात तोच रंग मागितला तरी दुसऱ्या लॉटचा मिळतो आणि शेजारी ठेवल्यावर फरक कळतो.

गोटाला उरलेलं वापरू नका. गोट सगळ्यात आधी झिजतो, त्याला साडीचा गडद काठच घ्या. उरलेलं कापड दुरुस्तीसाठी ठेवा. पण कपाटात नको. गोधडीच्या मागच्या कोपऱ्यावर आतून टाचून टाका. गोधडी धुतली जाईल तेव्हा तेही धुतलं जाईल. दहा वर्षांनी एखादा चौकोन फाटला तर लावायला त्याच रंगाचं, तेवढंच विटलेलं कापड हाताशी असेल.